खोड सांगायची नसते

तलवाडा, ता. गेवराई
९ फेब्रुवारी २००३

सुग्रीवा,

आशीर्वाद आहेच. तो दर पत्रात लिहून शाई कशाला घालवू?

तुझ्या आईच्या दुखण्याचा खरा हिशेब काल उमापुरात तिच्याशेजारी बसून मांडला. सहा दात गेले, आणि सहाही धडधाकट. पहिला काढला तेव्हा बीडचा दातांचा डॉक्टर म्हणाला, हाच किडलाय. दात गेला, दुखणं राहिलं. मग शेजारचा. मग वरचा. सहाव्याच्या वेळी मीच म्हणालो, "साहेब, आता थांबा, कवळीला धरायला तरी काही ठेवा." दातांखेरीज नवसाचा एक बोकड, बीडच्या अकरा चकरा, आणि चौदा महिने माझ्या अक्कानं उजव्या गालाला पाणी लावलेलं नाही. तोंड अर्धंच धुते. एवढं देऊन हाती आलं काय, तर दुखणं दातांचं नाही, ही माहिती.

झुळूक लागली की गालात इज पडते म्हणते. बोलता बोलता मधेच गप्प होते, पदर तोंडाशी धरते आणि डोळ्यांतून नुसतं पाणी. दुधात कुस्करलेली भाकर डाव्या बाजूनं गिळते, तीही चार घास. परवा मला म्हणाली, "रामकिसन, हिरीत उडी घालते आता." मी म्हणालो, "अक्का, हीर कोरडी हाय. पाय मोडून बसशील, एकाची दोन दुखणी हुतील." ती हसायला गेली आणि हसण्यानंच कळ आली. तेव्हापासून मी तिला हसवणंही सोडलंय.

तुझी बायको अंजना तिचं सगळं करते, तक्रार नाही. पण आता उपाय तुझ्याकडे. दिवाळीला आलास तेव्हा पारावर सगळ्यांदेखत तू सांगितलंस, की पुण्याच्या मेंदूच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत भुलीच्या डॉक्टरच्या उजव्या हाताला तूच उभा असतोस, तू सुई भरून दिल्याबिगर त्यांचं पान हलत नाही. माझी छाती फुगली. मी ते आजवर चार गावांत सांगितलंय. आता त्या उभं राहण्याचा तुझ्या आईला उपयोग होऊ दे.

औरंगाबादला काढलेले डोक्याचे फोटो सोबत पाठवतो.

रामकिसन


पुणे
१७ फेब्रुवारी

ति. मामा, पाया पडतो.

फोटो मोठ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी लगेच ओळखलं. चेहऱ्याची जी नस मेंदूतून निघते, तिच्यावर निघतानाच एक रक्तवाहिनी टेकलेली आहे. रक्तवाहिनी उडते तशी ती नसेला घासते, आणि कळ गालात येते. दात काढून ते थांबणार नव्हतंच. ऑपरेशनमध्ये कानामागं कवटीला रुपयाएवढं भोक पाडतात आणि नस व रक्तवाहिनीच्या मधे कापसासारखा बारीक तुकडा ठेवतात. शंभरातल्या ऐंशी-नव्वद जणांचं दुखणं त्याच दिवशी जातं. दवाखान्यातला माणूस म्हणून आपल्याला बरीच सवलत मिळेल.

धोका एक आहे. त्या नसेला हात लागला की कधीकधी हृदय मंदावतं. नस गालाची, पण ती मेंदूच्या बुडाशी निरोप देते आणि तिथून दुसरी नस हृदयाला लगाम घालते. मागच्या महिन्यात एका माणसाचे ठोके सत्तरवरून वीसवर आले. भुलीचे डॉक्टर ओरडले, "हात काढा!" मोठ्या डॉक्टरांनी हात काढला, आणि ठोके परत आले. मी तिथंच होतो. सगळ्यांना घाम फुटला होता.

म्हणून डॉक्टरांनी एक विचारलं आहे. कळ येते तेव्हा आईला भोवळ येते का? शुद्ध जाते का? तसं असेल तर आधी हृदयाची तपासणी होईल आणि तयारी वेगळी करावी लागेल. हे नीट विचारून खरं काय ते कळवा.

आपला,
सुग्रीव


तलवाडा
२६ फेब्रुवारी

सुग्रीवा,

तुझं पत्र मी वाचलं आणि आमच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी तात्याबा, त्यालाही वाचायला दिलं. तो म्हणाला, "गालाच्या नसंला हात लावला तर काळीज कावून थांबंल बे? गाल कुठं, काळीज कुठं!" मी म्हणालो, "तात्याबा, तू दूध मोज. तेवढंच तुला येतं, आणि आता दुष्काळात तेही चाळीस लिटरच मोजायचंय."

मला ते पटलं, आणि लगेच पटलं. मी संस्थेचा चेअरमन नंतर झालो. त्याआधी बावीस वर्षं आश्रुबानं आणि मी गावोगाव गोऱ्ह्यांची नाकं टोचली, वेसणी घातल्या. लोक ते विसरले, मी विसरलेलो नाही. गोऱ्हा पाडला की दाभण आश्रुबाच्या हातात आणि मी बरगड्यांवर आडवा. माझा कान आपोआप त्याच्या पुढच्या पायामागं यायचा. दाभण नाकाच्या पडद्यात शिरली की ठोका थांबायचा. एक, दोन. मग ढप्प करून परत. आश्रुबानं बोटांनी नुसतं चाचपलं तरी मंद व्हायचा. वेसण ओढली की एवढं थोरलं जनावर गप होतं. लोकांना वाटतं नाक दुखतं म्हणून. मला ठाऊक आहे, आत कुणीतरी काळीज मुठीत धरतं. तुमच्या डॉक्टरांनी जे पुस्तकात वाचलं ते मी शेणात लोळून ऐकलंय.

मग परवा उमापुरात गेलो. अंजनाला जवळ बसवलं, अक्काच्या पाठीला कान लावला आणि म्हणालो, "अक्का, उजव्या ओठाला बोट लाव."

"मारतूस का मला?"

"एकदाच लाव."

तिनं लावलं. कळ आली. आणि सुग्रीवा, ठोका थांबला. मी मोजत होतो. सातवर आलो तेव्हा अक्का माझ्या अंगावर कलंडली. तोंडावर पाणी मारायचं तर गालाला पाणी चालत नाही, पंच्यानं वारा घालायचा तर वारा चालत नाही. नुसतं बघत बसलो. मग ठोका आला, आणि मागून अक्का आली. अंजना म्हणाली, "मामा, असं म्हैन्यातून दोनतीनदा व्हतंय. कुणाला सांगू दीत न्हाईत त्या."

तर भोवळ येते. शुद्ध जाते. आता नीट ऐक: हे डॉक्टरला सांगायचं नाही.

मी आयुष्य जनावरांच्या बाजारात काढलं. ज्यानं व्यवहाराआधी खोड सांगितली त्याचा बैल संध्याकाळी दावणीला परत आला. लाथाडा असो, बसका असो, सौदा होईस्तोवर तोंड मिटून ठेवायचं. डॉक्टर गिऱ्हाईकच आहे. खोड कळली की तो म्हणेल आधी हृदयवाल्याकडे जा. हृदयवाला म्हणेल सहा महिने गोळ्या घ्या, मग बघू. सहा महिने कुणाचे आहेत? अक्काला मी संस्थेच्या पेंडीच्या काट्यावर उभं केलं, अडतीस किलो भरली. पेंडीचं पोतं पन्नासचं असतं.

आणि भ्यायचं कशाला? हजारावर गोऱ्हे धरले असतील. थांबलेला ठोका परत आला नाही असं एकदाही झालेलं नाही. शिवाय तू आत आहेस. ठोका पडलाच तर त्याच क्षणी डॉक्टरच्या कानात सांग, की हिचा घरीही असाच पडतो. तोवर डोकं उघडलेलं असेल; अर्ध्यातून कोण माघारी धाडतो? खोड सांगायची ती कासरा दुसऱ्याच्या हातात गेल्यावर. मी एवढं धाडस करतो ते तू त्या खोलीत आहेस म्हणून. नसतास तर केलं नसतं.

रामकिसन


पुणे
६ मार्च

ति. मामा,

पत्र मिळालं. तारीख २४ मार्च ठरली आहे. आईला घेऊन अंजनानं २१ ला यावं, मी स्टँडवर येईन.

माहितीचा कागद मीच भरला. ‘भोवळ’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं आहे. तुम्ही म्हणता तशी वेळ आली तर बघू.

तुम्ही यायची गरज नाही. दुष्काळाच्या चारा छावणीत दोनशे जनावरं तुमच्या भरवशावर आहेत. तपासणीला तहसीलचे लोक कधीही येतात, आणि तुम्ही नसलात तर चारा बंद व्हायचा. इथं मी आहे.

सुग्रीव


तलवाडा
२६ मार्च

सुग्रीवा,

परवा तुझा फोन आला तेव्हा एसटीडीच्या खोक्यात मी आणि बाहेर अर्धं गाव. खरखर एवढी, की तुझे तीनच तुकडे हाती लागले: "हृदय थांबलं होतं... परत आलं... टाके घातलेत." मग लाईन गेली ती गेलीच. पण मला तेवढं पुरलं. मी बाहेर येऊन म्हणालो, "थांबलं व्हतं, आलं परत!" तात्याबाचा चेहरा बघायला तू हवा होतास. "बरुबर हाय चेअरमन, तुमचा कान म्हंजी कान हाय," म्हणाला.

काल संस्थेत दूध घालणाऱ्या सगळ्यांना चहा पाजला. पूर्वी दोनशे माणसं व्हायची, काल एकतीस भरली. पातेलं लहान लागलं एवढंच. आश्रुबा आता थकलाय, काठी टेकत आला आणि म्हणाला, "आपुन डाक्टरच व्हयाला पायजे हुतो बे रामकिसन." मी म्हणालो, होतोच की, फक्त आपले पेशंट शेण टाकायचे.

अक्काला सांग, आल्यावर पहिलं काम आडावर बसून पूर्ण तोंड धुवायचं. आडाला पाणी नाही, पण छावणीच्या टँकरमधली एक घागर मी तिच्यासाठी बाजूला काढायला सांगितली आहे.

वेळेवर डॉक्टरच्या कानात सांगितलंस, शहाणा आहेस. अक्का काय बोलली ते सविस्तर लिही.

रामकिसन


पुणे
२ एप्रिल

ति. मामा,

फोन पुन्हा लावायला हवा होता. धीर झाला नाही.

आई काही बोललेली नाही.

डोकं उघडेपर्यंत सगळं ठीक होतं. पहिल्यांदा नसेला हत्यार लागलं आणि ठोके सत्तरवरून तीसवर आले. हात काढला, औषध दिलं, ठोके परत आले. मग डॉक्टर चार मिनिटं थांबले म्हणतात. दुसऱ्यांदा लागलं आणि हृदय बंदच पडलं. आई कुशीवर होती, डोकं लोखंडी पकडीत अडकवलेलं. छाती दाबायची तर आधी पकड सोडवून, जखम झाकून, उताणं करावं लागलं, त्यात वेळ गेला. सगळे मिळून सहा मिनिटं, असं भुलीचे डॉक्टर म्हणाले. मग हृदय आलं.

नसेचं काम राहिलं ते राहिलंच. जखम शिवून घेतली. रक्तवाहिनी होती तिथंच आहे.

मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून विचारलं, "आधी कधी शुद्ध गेली होती?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "माहीत असतं तर मांडीच्या शिरेतून हृदयात एक तार घालून ठेवली असती. ठोका चुकला की ती तार ठोका देते. अर्ध्या तासाचं काम होतं." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आईचे डोळे उघडे आहेत, श्वास तिचा ती घेते. हाक मारली तर बघत नाही. मेंदूला तेवढा वेळ रक्त मिळालं नाही. सुधारणा होईल का विचारलं, तर म्हणाले, आशा धरू नका. महिनाभरानं घरी न्यायला सांगतील.

सुग्रीव


उमापूर
१९ मे

सुग्रीव,

अक्काला जीपमधून आणलं त्याला बारा दिवस झाले. तू तिला पोचवून त्याच जीपनं माघारी गेलास, माझ्याकडं न बघता. मीही तुला थांबवलं नाही. मी इथंच आहे. छावणी दहा तारखेला बंद झाली, जनावरं लोकांनी मिळेल त्या भावानं काढली. संस्थेचं संकलन थांबलंय. तात्याबा रोज कुलूप उघडतो, झाडून काढतो, कुलूप लावतो.

अंजना नाकातल्या नळीनं दूध घालते. दूध मी गेवराईहून पिशवीतलं आणतो. दूध संस्थेचा चेअरमन आणि पिशवीतलं दूध, लोक हसतात, हसू देत.

एक गोष्ट तुला लिहायची नव्हती, पण लिहितो. खोलीत वारा आला की अक्काचा उजवा डोळा घट्ट मिटतो, कपाळ आकसतं आणि पाणी येतं. म्हणजे कळ येतेय. तेवढी एक गोष्ट तिच्यात जशीच्या तशी राहिली आहे. आधी ओरडायची, पदर धरायची, मला शिव्या द्यायची. आता तेही नाही. मी खिडकीला पेंडीचं पोतं ठोकलं. मग पत्र्याखाली अशी आग होते की ती घामानं भिजते, आणि घाम पुसायचा तर गालाला हात लावायला लागतो. पोतं काढतो, लावतो. दिवसभर माझं हेच काम.

काल पाठीला कान लावला. ठोका चालू आहे. एकसारखा, एकही चुकत नाही. त्याचं मी काय करू?

माझा वाटा मी कबूल केलाय, इथं लोकांपुढं आणि अक्कापुढं. ती ऐकते का ठाऊक नाही. खोड मी लपवली. बाजारातून परत आलेला बैल निदान दावणीला बांधता येतो, ही अक्कल मला साठाव्या वर्षी आली.

आता तुझा वाटा विचारतो. तुझं एप्रिलचं पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं. पहिल्यांदा ठोका पडला आणि दुसऱ्यांदा हात लागला, त्यात चार मिनिटं होती असं तूच लिहिलंस. चार मिनिटांत चार शब्द सांगून होतात. आपलं ठरलं होतं. सांगितलंस का? सांगितलंस तर ते थांबले का नाहीत? आणि त्या पत्रात ‘म्हणाले’, ‘म्हणतात’ असंच का आहे? समोर उभा असलेला माणूस ‘पाहिलं’ असं लिहितो.

मी रागानं विचारत नाही. राग करायला जागा उरलेली नाही. फक्त मला कळू दे.

रामकिसन


पुणे
२८ मे

मामा,

नाही सांगितलं.

त्या दिवशी सकाळी स्ट्रेचर मीच ढकलत नेलं. आई हळूच म्हणाली, "सुग्रीव, तू आत हायस न्हवं?" मी म्हणालो, "हाय की." ती डोळे मिटून गप्प पडली. दारापाशी फरशीवर एक लाल पट्टा मारलेला आहे. तिथं आतली माणसं पेशंट आपल्या ताब्यात घेतात. मी सिस्टरना म्हणालो, "एक सांगायचं होतं." त्या घाईत होत्या, म्हणाल्या, "नंतर सांग." आणि मामा, नंतर म्हटल्यावर मला बरं वाटलं. दार लागलं. मी आतमध्ये चिठ्ठी पाठवू शकलो असतो, दार ठोकू शकलो असतो, मोठ्या डॉक्टरांना हात धुताना गाठू शकलो असतो. पण मग विचारलं असतं, कागदावर ‘नाही’ कुणी लिहिलं? नोकरी गेली असती. आणि तुम्ही म्हणाला होतात, परत येतोच ठोका. मी त्या भरवशावर बाकावर बसून राहिलो. मग तिसऱ्या मजल्यावर ऑक्सिजनचा सिलिंडर न्यायला सांगितलं म्हणून तो घेऊन गेलो. आतली धावपळ मी जिन्यात असताना झाली.

तुम्हाला जे जे लिहिलं, ते आतली माणसं चहाला बाहेर आल्यावर बोलतात त्यातलं. तो वीस ठोक्यांचा माणूसही. मी आत नसतो हे अंजनाला इथं आल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं. एवढंच म्हणाली, "मामांना मी न्हाई सांगणार. तुमीच सांगा." तेव्हाच फोन करून तुम्हाला सांगायला हवं होतं, दोन दिवस हातात होते.

मी वॉर्डबॉय आहे. पाच वर्षं रोज त्या दारापर्यंत पेशंट पोचवतो. त्या खोलीत मी आजपर्यंत एकदाही गेलेलो नाही.